पहिल्या वर्षी ताटवा, नंतर नुसती पानं: वसंतात फुलणाऱ्या छोट्या कंदांचं काय बिघडतं

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. पानगळीच्या दिवसांत क्रोकस, मस्कारी, स्नोड्रॉप, आयरिस रेटिक्युलाटा असे शंभरेक छोटे कंद लावले. थंडी सरता सरता वाफा फुलांनी भरून गेला. पुढच्या वर्षी फुलं निम्म्यावर आली. तिसऱ्या वर्षी गवतासारखी हिरवीगार पानं आणि मधे एखादं चुकार फूल. मग प्रश्न येतो: कोणतं खत घालू?

माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे. खताची पिशवी बाजूला ठेवा, खुरपं घ्या आणि जिथे फुलं आली नाहीत तिथला एक झुबका मुळासकट उकरून बघा. वरून पानं बघून काहीच कळत नाही. एकसारखी दिसणारी ही नुसती पानं निदान पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी येतात, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी वाया जातो किंवा नुकसान करतो. दाटीमुळे फुलायचे थांबलेले कंद खताने फुलत नाहीत. बुडाशी कुजायला लागलेल्या कंदाला आणखी पाणी दिलं तर तो संपतोच. आणि आत अळी शिरलेली असेल तर वर काहीही घाला, शेजारच्या चार कंदांचं भवितव्य तुम्ही नकळत तिच्या हवाली करत असता.

फूल कधी ठरतं

हे आधी समजून घ्यायला हवं, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. वसंतात दिसणारं फूल त्या वसंतात तयार होत नाही. ते आधीच कंदाच्या पोटात तयार होऊन बसलेलं असतं. फूल सुकलं की पानं खऱ्या कामाला लागतात. त्यांनी उन्हात केलेलं अन्न खाली उतरतं आणि कंद पोसतो. पुरेसा पोसला तरच त्यात पुढच्या वर्षीची कळी धरते. डॅफोडिलमध्ये ही सुरुवात पानं हिरवी असतानाच होते, क्रोकस आणि ट्यूलिपमध्ये पानं वाळून गेल्यावर, उन्हाळ्यात. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला वनस्पतिशास्त्रज्ञ ए. एच. ब्लाव यांनी १९२० च्या दशकात हायसिंथसारखे कंद वर्षभर थोड्याथोड्या दिवसांनी कापून आतल्या कोंबाची वाढ टिपली. कळी धरणं आणि फुलाचा दांडा लांबणं या दोन गोष्टींना वेगवेगळं तापमान लागतं, हे अशाच कामातून पक्कं झालं.

तुम्हीही हे डोळ्यांनी बघू शकता, आणि एकदा तरी बघावं असं मला मनापासून वाटतं. पानगळीत लावायच्या आधी मस्कारीचा एक चांगला टणक कंद घ्या आणि धारदार पात्याने शेंड्यापासून बुडाच्या चकतीपर्यंत, म्हणजे जिथून मुळं फुटतात तिथपर्यंत, उभा चिरा. पांढरे रसदार पापुद्रे एकावर एक बसलेले दिसतील. त्यांच्या मधोमध पिवळसर हिरवा कोंब असतो. सुईच्या टोकाने कोंबाची पानं हळूच बाजूला केली की आत बारीक दाण्यांचं एक इवलंसं कणीस दिसतं, दाणे मोहरीपेक्षाही लहान. भिंग असेल तर एकेक दाणा मोजता येतो. वसंतातला निळा घोस तो हाच, फक्त अजून रंग चढलेला नाही. एक कंद वाया जातो, पण त्यानंतर पानं कापायला हात धजत नाही.

ज्या कंदात हे कणीस नाही, त्याला वसंतात काहीही घातलं तरी त्या वर्षी फूल येत नाही. म्हणून यंदा फुलं आली नाहीत तर चूक गेल्या वर्षीच्या वसंतात आणि उन्हाळ्यात शोधायची, आणि उपाय पुढच्या वर्षासाठी करायचा.

पानं लवकर गेली

माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त वेळा हेच कारण निघालं आहे, आणि माझ्या बागेतही सुरुवात यानेच झाली. हिरवळीत मी दोनशे क्रोकस लावले होते. फुलं संपली आणि दोन आठवड्यांत गवत वाढलं म्हणून कापणी यंत्र फिरवलं. पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी फुलं वीससुद्धा नव्हती.

तेव्हा उकरून जे दिसलं ते नीट सांगते, कारण ही खूण ओळखायला सोपी आहे. क्रोकसला कांद्यासारखे पापुद्रे नसतात, त्याचा गड्डा आतून भरीव असतो आणि तो दरवर्षी नवा तयार होतो. जुना गड्डा कोंबाला आणि फुलाला अन्न पुरवून रिकामा होतो, आणि त्याच्या डोक्यावर नवा धरतो. त्यामुळे पानं वाळल्यावर काढलेल्या गड्ड्याच्या बुडाशी जुन्याची सुकलेली तपकिरी चकती चिकटलेली असते. नीट पोसलेल्या झाडात वरचा नवा गड्डा त्या चकतीहून मोठा, निदान तेवढा तरी असतो. माझ्या हिरवळीत चकती बोटाच्या पेराएवढी रुंद आणि तिच्यावरचा नवा गड्डा वाटाण्याएवढा होता. दरवर्षी तो आदल्या वर्षीपेक्षा लहान होत गेला होता, हे त्या एका गड्ड्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

क्रोकसचे गड्डे विकताना त्यांवर ७/८, ९/१० असे आकडे लिहिलेले असतात. तो सेंटिमीटरमधला घेर असतो, रुंदी नव्हे. ९ ते १० सेंटिमीटर घेर म्हणजे साधारण ३ सेंटिमीटर रुंद गड्डा. मोठ्या फुलांच्या जातींत असा गड्डा दोन-तीन फुलं सहज देतो. वाटाण्याएवढा झाला की पानंच येतात.

उपाय एकच आहे: पानं आपोआप पिवळी पडेपर्यंत हात लावायचा नाही. हिरवळीत असतील तर फुलं संपल्यापासून निदान सहा आठवडे यंत्र फिरवायचं नाही, आणि त्यानंतरही पानं हिरवी असतील तर आणखी थांबायचं. काही जण पानं वळून गाठी मारतात किंवा रबराने जुडी बांधतात, वाफा नेटका दिसावा म्हणून. तेही नको. दुमडलेल्या, एकमेकांवर दाबलेल्या पानांना ऊन मिळत नाही आणि कंद उपाशी राहतो. पसारा डोळ्यांना खुपत असेल तर जवळ अशी बहुवर्षायू झाडं लावा, ज्यांची पालवी नेमकी याच सुमाराला वाढून पिवळी पानं झाकून टाकते. हिरवळीत मात्र सोय अशी करता येते की क्रोकस सगळीकडे न विखुरता एका कोपऱ्यात किंवा झाडाच्या घेराखाली लावायचे आणि तेवढाच भाग न कापता सोडायचा. मी आता तसंच केलं आहे. गवतात क्रोकसचं पान ओळखायची खूण म्हणजे त्याच्या मधोमध जाणारी पांढरी रेघ.

वाटाण्याएवढे झालेले गड्डे टाकून द्यायची गरज नसते. दोन-तीन वर्षं पानं पूर्ण वाळू दिली की ते पुन्हा फुलण्याजोगे होतात. माझे झाले.

दाटी

स्नोड्रॉप, छोटे डॅफोडिल आणि मस्कारी यांच्यात हे हमखास होतं. एका कंदाचे दोन, दोनाचे चार, असं बेट वाढत जातं. वरून ते फार सुंदर, घनदाट दिसतं. मग मधली फुलं बंद होतात आणि कडेला तेवढी येतात. हीच दाटीची खूण: मधे पानं, कडेला फुलं.

झाडाखालच्या माझ्या स्नोड्रॉपच्या एका बेटाला लागोपाठ दोन वर्षं फूल नव्हतं. ते बेट मी पानं हिरवी असतानाच काढलं. मातीचा गोळा हातावर घेऊन पाण्यात बुडवला तेव्हा कंद सुटे झाले. एका पसाभर जागेत एकेचाळीस कंद होते. एकमेकांवर दाबून काही चपटे झालेले, काहींच्या कडा चौकोनी, खालच्या थरातले तर पार वरच्यांच्या मुळांत अडकलेले. माती जवळजवळ नव्हतीच, कंद आणि मुळंच होती. रोग नाही, कीड नाही. खायला आणि फुगायला जागा नाही, एवढंच.

स्नोड्रॉप हलवायची उत्तम वेळ म्हणजे फुलं नुकतीच सुकलेली असताना किंवा पानं पिवळी पडू लागताना. उन्हाळ्यात कोरडे काढून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. सुटे केलेले कंद लगेच लावायचे, मुळं वाऱ्यावर सुकू द्यायची नाहीत. किती खोल, हे पानच सांगतं: जमिनीखालचा देठ पांढरा असतो आणि उजेडात आलेला भाग हिरवा. पांढरं संपून हिरवं सुरू होतं ती रेषा मातीच्या पातळीला आली पाहिजे. दोन-दोन, तीन-तीन कंद एकत्र, आणि जुडग्यांमध्ये हाताची चार बोटं मावतील एवढं अंतर. खड्ड्यात थोडं पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, वर माती, आणि भरपूर पाणी.

पहिल्या वर्षी फारसं काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या त्या एकेचाळीस कंदांनी पुढच्या वसंतात चार फुलं दिली, त्याच्या पुढच्या वसंतात सव्वीस. तीन-चार वर्षांनी एकदा बेटं अशी फोडत राहिलं की ही वेळच येत नाही.

स्नोड्रॉपबद्दल आणखी एक. दरवर्षी कोरडे कंद आणून लावायचे आणि त्यांतले निम्मे उगवायचेच नाहीत, असा अनुभव असेल तर तुमच्या मातीला दोष देण्याआधी कंदाकडे बघा. स्नोड्रॉपच्या कंदावरचा पापुद्रा पातळ असतो, तो हवेत फार लवकर सुकतो. दाबल्यावर मऊ किंवा पोकळ लागला तर तो गेलेला असतो. शक्य असेल तर पानांसकट, ओल्या मातीतले कंद घ्या, आणि ते लागवडीत वाढवलेले आहेत याची खात्री करून घ्या. स्नोड्रॉपच्या सगळ्या जाती साइट्स (CITES) या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, कारण रानातून खणून काढलेल्या कंदांचा मोठा व्यापार चालत आला आहे. रानातून आलेले कंद महिनोन्महिने कोरडे पडलेले असतात, म्हणजे जंगलाचंही नुकसान आणि तुमचंही.

आयरिस रेटिक्युलाटा आणि दाण्यांएवढी पिल्लं

याची फुलं पाहिली की माणूस वेडा होतो. बर्फातून वर आलेला गडद निळा रंग, पाकळीवर पिवळी रेघ. पण तक्रारींमध्येही हीच जात पुढे असते: पहिल्या वर्षी अप्रतिम, दुसऱ्या वर्षी गायब, किंवा काडीसारखी बारीक पानं.

उकरलं की लावलेला कंद सापडतच नाही. त्याच्या जागी जाळीदार सालीत गुंडाळलेली तांदळाच्या दाण्याएवढी पुष्कळ पिल्लं असतात. फुलून झाल्यावर कंद फुटून विभागला जातो, आणि त्यातलं एकही पिल्लू फुलण्याएवढं मोठं नसतं. पिवळी आयरिस डॅनफोर्डी याबाबत सगळ्यांत वाईट. ही तुमची चूक नाही, त्या झाडाचा स्वभावच तसा आहे. पण उथळ लावलं की तो बळावतो. म्हणून इतर छोटे कंद ८ ते १० सेंटिमीटरवर लावत असाल तर हे १२ ते १५ सेंटिमीटर खोल लावा. फुलं संपल्यावर पानं भरभर लांब वाढतात, तेव्हा त्यांना पाणी आणि पातळ केलेलं पोटॅशयुक्त खत द्या. आणि पानं वाळली की उन्हाळाभर ती जागा कोरडी राहू द्या. हे कंद मूळचे तुर्कस्तान, कॉकेशस, इराणच्या डोंगरउतारांवरचे. तिथे उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. आपण वाफ्यात उन्हाळी फुलझाडांना पाणी देतो, त्याच पाण्यात हे कंद कुजतात.

वर्षानुवर्षं टिकणारी एखादी जात हवी असेल तर ‘कॅथरीन हॉजकिन’ लावा. फिकट निळी, अंगावर पिवळट झाक. रंग सगळ्यांना आवडतो असं नाही, पण ती टिकते.

कंदाच्या सालीवर शाईसारखे काळे डाग दिसले तर ती बुरशी असते. असे कंद उचलून फेकून द्यायचे, कंपोस्टमध्ये टाकायचे नाहीत, आणि त्या जागी काही वर्षं आयरिस लावायचं नाही.

कंद पोकळ, आत अळी

स्नोड्रॉप किंवा छोटे डॅफोडिल उकरल्यावर कंद दाबला जातो आणि बुडाशी भोक दिसतं. कापलं की आतला कोंब खाऊन टाकलेला, भुश्श्यासारखी तपकिरी घाण आणि तिच्यात एक जाड, मळकट पांढरी अळी. एका कंदात एकच. ही डॅफोडिल माशीची अळी. माशी दिसायला भुंग्यासारखी केसाळ असते, त्यामुळे तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. वसंत संपताना आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, ऊन असलेल्या दिवशी ती वाळत चाललेल्या पानांच्या बुडाशी अंडी घालते. अळी जमिनीतून खाली उतरून बुडाच्या चकतीतून आत शिरते. कोंब खाल्ला गेला की कडेची लहान पिल्लं तेवढी उरतात आणि त्यांची बारीक गवतासारखी पानं पुढच्या वर्षी येतात. तुम्हाला वाटतं, कंद आहे पण फुलत नाही. खरं तर तो कंद केव्हाच गेलेला असतो.

यावर फवारणी उपयोगाची नाही. पानं वाळून ओढून निघाली की जमिनीत भोकं राहतात. तिथली माती दाताळ्याने ढवळून घट्ट दाबून टाकायची, म्हणजे अळीचा खाली उतरायचा सोपा रस्ता बंद होतो. मोलाचे कंद असतील तर त्या दिवसांत बारीक जाळीचं कापड अंथरून ठेवा. ही माशी ऊबदार, उन्हाच्या जागा पसंत करते, त्यामुळे सावलीतली बेटं बहुतेक वाचतात. पोकळ कंद सापडला की अळीसकट नष्ट करायचा.

कापलेल्या डॅफोडिलच्या कंदात अळी नाही पण तपकिरी वर्तुळं दिसली, आणि पानांवर पिवळट गाठी असतील, तर तो सूत्रकृमीचा (नेमॅटोड, धाग्यासारखा अतिसूक्ष्म कृमी) प्रकार आहे. १९१७ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये जेम्स रॅम्सबॉटम यांनी सुमारे ४३ अंश सेल्सियस पाण्यात कंद ३ तास ठेवून हा सूत्रकृमी मारता येतो हे दाखवलं आणि बुडत चाललेली डॅफोडिलची शेती वाचली. मोठे उत्पादक त्याच धर्तीवर प्रक्रिया करतात. घरी मात्र ही उठाठेव करू नये, एक-दोन अंशांच्या फरकाने कंद शिजतो. काढून टाका आणि तिथे काही वर्षं डॅफोडिल, स्नोड्रॉप, सिला, मस्कारी लावू नका.

काहीच उगवलं नाही

उकरल्यावर जागा रिकामी असेल आणि आजूबाजूला सालीचे तुकडे पडले असतील तर उंदीर किंवा खार. क्रोकसचे गड्डे त्यांना फार आवडतात. लावल्यावर वर बारीक तारेची जाळी अंथरून तिच्यावर मातीचा थर द्या. कोंब जाळीच्या भोकांतून वर येतात. लावताना कंदांची सालं तिथेच टाकू नका, वासानेच ते शोधत येतात. डॅफोडिल आणि स्नोड्रॉपमध्ये लायकोरीनसारखी विषारी द्रव्यं असतात, त्यामुळे त्यांच्या वाटेला हे प्राणी सहसा जात नाहीत. उपद्रव फारच असेल तर क्रोकसचा नाद सोडून डॅफोडिल, स्नोड्रॉप लावा. हाताळताना हातमोजे घाला, काहींच्या हाताला खाज सुटते.

जागेवर मऊ, दुर्गंधी येणारा लगदा असेल तर निचऱ्याचा प्रश्न आहे. हातभर नसला तरी वीतभर खड्डा खणून पाण्याने भरा. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळीही तसंच असेल तर त्या जागी क्रोकस, आयरिस, ट्यूलिप टिकायचे नाहीत. चिकणमातीत खड्ड्याच्या तळाशी मूठभर वाळू टाकून काही होत नाही. भोवतालचं पाणी त्याच खड्ड्यात येऊन साचतं. सगळा वाफाच भरड खडी आणि कुजलेला पालापाचोळा मिसळून उंच करावा लागतो. तेवढं जमणार नसेल तर ओल सोसणारे कंद लावा. फ्रिटिलारिया मेलिॲग्रिस, म्हणजे पाकळ्यांवर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट असलेलं ते झुकलेलं फूल, मूळचं ओल्या कुरणांतलंच आहे. ल्युकोयमलाही ओलसर जमीन मानवते.

आणि जागेवर टणक, वाळून खडा झालेला गोळा सापडला, ज्याला ना मूळ ना कोंब, तर तो मुळातच फार सुकून आला होता. एरॅन्थिस आणि ॲनिमोनी ब्लँडा यांच्यात हे फार होतं. त्यांचे गाठाळ, काळे कंद बघून ते जिवंत आहेत यावरच विश्वास बसत नाही. लावण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, फुगलेले दिसतील. वरची बाजू ओळखू येत नसेल तर आडवे लावा, कोंब आपला रस्ता काढतो. खोली ५ सेंटिमीटर पुरे.

कळ्या आल्या, पण उमलल्या नाहीत

इथे कारणं वेगळी आहेत. क्रोकसची फुलं ऊब मिळाली की उघडतात आणि ढग आला की मिटतात. दिवसभर सावलीत असतील तर मिटलेलीच राहून गळून पडतात. बारमाही पानं असलेल्या झाडाखाली क्रोकस लावू नका. पानगळ होणाऱ्या झाडाखाली चालतात, कारण त्या झाडाला पालवी फुटेपर्यंत यांचं निम्मं काम झालेलं असतं. पिवळ्या क्रोकसच्या पाकळ्या फाटून जमिनीवर पडलेल्या दिसल्या तर तो रोग नसून चिमण्यांचा उद्योग आहे. ओळींवर काळा दोरा ताणून बांधला की बराच फरक पडतो, फक्त दोरा सैल सोडू नका, पक्ष्यांचे पाय अडकतात.

कळी पानांच्या बुडाशीच तपकिरी होऊन वाळली, किंवा फूल जमिनीलगत, दांड्याशिवाय उघडलं, तर थंडी कमी पडली आहे. या कंदांना ९ अंश सेल्सियसच्या खाली साधारण १२ ते १६ आठवडे लागतात. त्या काळात मुळं फुटतात आणि दांडा लांबायची तयारी होते. हिवाळा ऊबदार असलेल्या ठिकाणी ही थंडी फ्रीजमध्ये द्यावी लागते. कुंडीत ओलसर मातीत लावून ठेवता आले तर उत्तम, नाहीतर भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत. मात्र त्याच फ्रीजमध्ये पिकणारी फळं असतील तर कळ्या आतल्या आत मरतात, कारण फळांतून इथिलीन वायू सुटतो. फ्रीज वेगळा हवा किंवा फळं बाहेर हवीत. आणि ऊबदार हवामानात हे कंद दरवर्षी जमिनीत राहून फुलतील ही आशा ठेवू नका. तिथे ते एका हंगामाचे पाहुणे असतात, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं.

खत आणि पाणी

आता खताचं. नत्र जास्त असलेलं खत, ताजं शेणखत, लॉनसाठी म्हणून मिळणारी खतमिश्रणं, हे सगळं या कंदांना नको. पानं भरघोस येतात, कंद मऊ राहतो आणि कुजतो. पोटॅश जास्त असलेलं पातळ खत फुलं सुकायला लागल्यापासून पानं पिवळी पडेपर्यंत दर दोन आठवड्यांनी द्या. याच काळात कोरड पडली तर पाणीही द्या. वसंतात आठवडाभर पाऊस नाही आणि पानं अकाली पिवळी पडली तर ती कापल्यासारखंच आहे. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण फुलं गेल्यावर त्या जागेकडे कोणी फिरकत नाही. कुंड्यांमध्ये तर हाच घोटाळा सर्रास होतो.

जो दोष नाही

मस्कारीची पानं पानगळीतच वर येतात आणि हिवाळाभर तशीच राहतात. घाबरून माती लोटू नका, फूल वेळेवर येतं. कंद दरवर्षी थोडे खोल सरकल्यासारखे वाटले तर तेही बरोबर आहे, काही मुळं आकसून कंदाला खाली ओढतात.

सिला, कायोनोडोक्सा आणि क्रोकस टोमासिनियानस यांच्या भोवती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी केसासारखी एकेरी हिरवी पानं उगवतात. ती बियांची रोपं असतात, आणि फुलायला त्यांना तीन-चार वर्षं लागतात. मी तीन वसंत ती गवत समजून उपटून टाकली, आणि सिला पसरत नाही म्हणून हळहळत राहिले. ओळखायचं असेल तर एक पान ओलसर मातीतून अलगद काढा. गवताच्या बुडाशी नुसत्या तंतुमुळांचा झुबका असतो. सिलाच्या बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा कंद लटकलेला असतो. तो दिसला की परत लावून टाका. सिला आणि स्नोड्रॉपच्या बियांना एक गुबगुबीत उपांग असतं, त्यासाठी मुंग्या त्या उचलून नेतात. म्हणून लावलं नव्हतं तिथे, फरशीच्या फटीत किंवा कुंपणाच्या कडेला, अचानक एखादं निळं फूल दिसतं.

माझ्याकडे अजून दोन बेटं अशी आहेत, ज्यांना यंदा फूल नव्हतं. एक स्नोड्रॉपचं, एक छोट्या डॅफोडिलचं. दोन्हींपाशी काठी रोवून ठेवली आहे, कारण पानं वाळली की जागा सापडत नाही आणि पानगळीत दुसरं काही लावताना फावडं नेमकं तिथेच बसतं. स्नोड्रॉपचं या आठवड्यात, पानं हिरवी असतानाच फोडायचं. डॅफोडिलची पानं गेल्या वर्षीपेक्षा बारीक आली आहेत, आणि ते बेट भर उन्हात आहे. त्यातला एक कंद आधी कापून बघणार आहे.